फळी, आस आणि आठ बेअरिंग

वॉटफर्डच्या दक्षिण अंगास, कोल्न नदीलगत, ऑक्झी ॲक्टिव्हिटी पार्क आहे. तेथे काँक्रीटचे उतार आहेत, वाडग्यासारखे खोलगट भाग आहेत, आणि शनिवारी सकाळी पाऊस नसला तर गावातील निम्मी मुले तेथेच असावीत असे वाटते. आमच्या गटातील तीन कुटुंबे या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. तरीही दोन वर्षे आमची मुले बाजूला उभी राहून नुसती पाहत होती. कारणे आमच्यापाशी पुष्कळ होती. हात मोडेल, अभ्यास बुडेल, येथील ग्रामर शाळांच्या प्रवेशचाचण्या तोंडावर आल्या आहेत, आणि मुलींना तेथे कोण विचारतो? या सर्वांच्या तळाशी एक कारण होते, ते आम्ही एकमेकांपाशीही बोलत नव्हतो. ते मैदान आपल्यासाठी आहे असे आम्हांला वाटतच नव्हते. पाटी लावून कोणी अडवले नव्हते. अडलो होतो आम्हीच.

अखेर गेल्या मे महिन्यात मुलांच्या हट्टापुढे आम्ही हार मानली, आणि हार मानणारा माणूस जे करतो तेच केले: सर्वांत स्वस्त वस्तू आणली. वीस पौंडांचा, झगमगीत चित्रांचा एक स्केटबोर्ड. तिसऱ्या दिवशी फरसबंदीच्या दोन लाद्यांमधल्या फटीत त्याचे चाक अडकले आणि आमची नऊ वर्षांची मुलगी मनगटावर पडली. चार आठवडे प्लास्टर. ‘आम्ही म्हणालोच होतो’ हे वाक्य प्रत्येक घरात निदान एकदा उच्चारले गेले.

त्या दिवसांत आमच्यापैकी एकाचे वडील उन्हाळ्यापुरते भारतातून आले होते. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली. त्यांनी तो बोर्ड उलटा करून मांडीवर घेतला आणि अंगठ्याने चाकाला झटका दिला. चाक अर्धा वेढा फिरून थांबले. मग त्यांनी आस धरून हलवली; ती ज्या भागात बसवली होती तो प्लॅस्टिकचा होता आणि हाताच्या जोराने वाकत होता. “चाक फिरत नाही, वळवलं तर वळत नाही,” ते म्हणाले, “पोरगी पडेल नाही तर काय करेल?” आम्ही आठवडाभर मुलीच्या धांदरटपणाविषयी बोलत होतो. वस्तूकडे प्रथम पाहिले ते त्यांनी.

आमच्या गटातील चौदा वर्षांच्या मुलाने तेव्हा सांगितले की जाणती मुले सुटे भाग निवडून बोर्ड स्वतः जोडतात. हे ऐकून आम्हांला वाटले की ही आणखी एक खर्चिक हौस असणार. हिशेब केला तेव्हा एका बोर्डास शंभर ते दीडशे पौंड पडतील असे दिसले, आणि ही रक्कम लहान नाही. येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे की तयार बोर्ड सारेच वाईट नसतात. स्केटबोर्डच्याच खास दुकानात मिळणारा साधा तयार बोर्ड नवशिक्यास पुरतो. परंतु तो सरासरी मापाच्या मुलासाठी बनवलेला असतो, आणि आमच्या तीन मुलांपैकी सरासरी मापाचे एकही नव्हते. नऊ वर्षांची धाकटी पंचवीस किलोची. बारा वर्षांचा मधला लठ्ठपणाकडे झुकलेला आणि त्यामुळे संकोचलेला. चौदा वर्षांचा थोरला उंच, ज्याला मैदानापेक्षा शाळेपर्यंत जाण्यासाठी बोर्ड हवा होता. तीन शरीरे आणि तीन हेतू. म्हणून ठरले की जोडायचे, आणि निवड ज्याची त्याने करायची. पैसे आमचे, आणि नकाराचा अधिकार फक्त सुरक्षिततेच्या प्रश्नावर.

निवडीचा आरंभ फळीपासून होतो असे आम्ही समजत होतो. वास्तविक तो जमिनीपासून होतो. ऑक्झीचे काँक्रीट गुळगुळीत आहे. गावातील पदपथ मात्र कोठे लाद्यांचे, कोठे खडबडीत डांबराचे, आणि झाडांच्या मुळांनी उचललेले. जे चाक एका जागी उत्तम चालते तेच दुसऱ्या जागी दात हलवते. बोर्ड कोठे चालवणार याचे उत्तर मुलांनी आधी कागदावर लिहून द्यावे, असा नियम आम्ही केला. धाकटीने लिहिले, ‘वाडग्यात’.

फळी म्हणजे डेक. चांगली फळी मॅपलच्या सात पातळ थरांची असते. थर डिंक लावून, दाबून, किंचित खोलगट आकारात वळवलेले असतात, आणि काही थरांचे तंतू उभे व काहींचे आडवे ठेवल्यामुळे फळी लवते पण सहजी चिरत नाही. फळीचे महत्त्वाचे माप तिची रुंदी. मोठ्या माणसासाठी साधारण ८ ते ८.५ इंच, लहान मुलांसाठी ७.२५ ते ७.७५ इंच. पाऊल फळीवर आडवे ठेवून पाहावे: बोटे व टाच काठाशी यावीत, फार बाहेर लोंबू नयेत. रुंद फळीवर उभे राहणे सोपे, अरुंद फळी पायाने फिरवणे सोपे. धाकटीने ७.२५ घेतली, मधल्याने ८, थोरल्याने ८.२५. मधल्याला दुकानातील माणसाने वयावरून लहान फळी सुचवली होती. मुलगा गप्प राहिला, आणि मग हळूच म्हणाला की माझे पाऊल मोठे आहे. आपल्या शरीराविषयी चारचौघांत त्याने न लाजता बोललेले ते पहिले वाक्य असावे.

फळीवरील चित्रास काडीची किंमत देऊ नये. चित्र खालच्या बाजूस असते आणि कठड्यावर घासून महिन्याभरात निघून जाते. आम्ही बिनचित्राच्या कोऱ्या फळ्या घेतल्या. त्या स्वस्तही पडतात. यावरून एक वाद मात्र उद्भवला. धाकटीला खालच्या बाजूस निळ्या रंगात अशोकचक्र रंगवायचे होते. एका आईचे म्हणणे पडले की चक्र पायाखाली येता कामा नये. दुसऱ्याने विचारले, आपण मूर्तिपूजक कधीपासून झालो? रविवारची वंदना झाल्यावर भाड्याच्या हॉलमध्ये, खुर्च्या आवरता आवरता, हा वाद पाऊण तास चालला. दोन्ही बाजूंना बाबासाहेबांचा आधार सापडत होता. शेवटी मधला मुलगा म्हणाला, “ते घासून जाईल ना. मग तुम्हांला जास्त वाईट वाटेल.” चक्र हेल्मेटवर गेले आणि फळी नुसती निळी राहिली.

फळीच्या खाली दोन ट्रक असतात. ट्रक म्हणजे धातूची ती जोडणी, जिच्यात आस बसते आणि जिच्यामुळे बोर्ड वळतो. येथे खरी परीक्षा आहे, आणि स्वस्त बोर्ड येथेच फसवतात. पहिला नियम मापाचा: आसेची एकूण लांबी फळीच्या रुंदीइतकी असावी, फरक पाव इंचापेक्षा अधिक नको. आस आखूड असेल तर बोर्ड डुगडुगतो, लांब असेल तर चाक पायाला लागते. दुसरी गोष्ट बुशिंगची, आणि तिच्याकडे मोठी माणसेसुद्धा दुर्लक्ष करतात. ट्रकच्या मधल्या बोल्टवर, ज्याला किंगपिन म्हणतात, दोन जाड रबरी कड्यांसारखे तुकडे असतात. चालवणारा एका बाजूस झुकला की ते दबतात आणि आस वळते. त्यांचा कठीणपणा आकड्यात मोजतात. बाजारात येणाऱ्या ट्रकमध्ये तो बहुधा ९० च्या आसपास असतो, म्हणजे प्रौढ वजनाचा हिशेब. पंचवीस किलोची मुलगी त्यावर कितीही झुकली तरी ते दबत नाहीत. बोर्ड सरळच जातो, आणि पाहणाऱ्यास वाटते की मुलीला वळता येत नाही. ८० च्या आसपासचे मऊ बुशिंग घातले की तीच मुलगी वळते. चार-पाच पौंडांचा हा बदल आहे. आम्ही तो हॉलच्या लाकडी जमिनीवर प्रत्यक्ष करून पाहिला. कठीण बुशिंगवर ती भिंतीवर गेली, मऊ बुशिंगवर खुर्चीला वळसा घालून परत आली. आजोबा म्हणाले, “मापच चुकीचं होतं.” कोणाचे माप हे त्यांनी सांगितले नाही.

चाकांचा इतिहास रंजक आहे, पण थोडक्यात सांगतो. आरंभी चाके पोलादाची होती, मग भाजक्या मातीच्या मिश्रणाची आली. ती खडा लागताच अडत आणि स्वारास फेकून देत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने युरेथेनची चाके बाजारात आणली आणि हा खेळ पुन्हा उभा राहिला. त्याच लाटेत इंग्लंडमध्ये काँक्रीटची मैदाने बांधली गेली. आपल्या वॉटफर्ड जंक्शनच्या मार्गावर असलेल्या हॅरोचे मैदान १९७८ चे आहे आणि आजही चालू आहे. चाकाचे दोन आकडे पाहावेत, व्यास आणि कठीणपणा. गुळगुळीत काँक्रीटवर ५२ ते ५४ मिलिमीटरचे, ९५ ते १०१ कठीणपणाचे चाक. खडबडीत रस्त्यावर ५६ ते ६० मिलिमीटरचे, ७८ ते ८७ चे मऊ चाक. थोरल्याने शाळेच्या रस्त्यासाठी मोठी मऊ चाके घेतली. मोठे चाक वळताना फळीला घासते आणि बोर्ड जागीच थांबतो, म्हणून फळी आणि ट्रक यांच्यामध्ये एक जाड चकती, रायझर, घालावी लागते. ती किती जाड असावी असे विचारता दुकानाच्या कागदावर इंचाचा आठवा हिस्सा लिहिलेला निघाला. आजोबांनी कागद वाचला नाही, चाक आणि फळी यांमध्ये बोट घालून पाहिले आणि म्हणाले, “एक सूत.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्साच. रायझर आला की बोल्टही लांब लागतात, एक इंचाऐवजी सव्वा इंचाचे; हे आम्ही विसरलो आणि दुकानात दुसरी खेप झाली.

बेअरिंगपाशी मात्र थांबले पाहिजे.

एका बोर्डास आठ बेअरिंग लागतात, प्रत्येक चाकात दोन. जगभर एकच माप: आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. या मापाचा क्रमांक ६०८. डब्यांवर ‘एबेक’ नावाचा आकडा छापतात, ३, ५, ७, ९, आणि मुले समजतात की आकडा मोठा तितका वेग अधिक. तो आकडा केवळ घडणीतील अचूकता सांगतो, आणि तीही अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या कसोटीवर. ऑक्झीच्या उतारावर ५ आणि ९ यांतील फरक कोणास कळणार नाही. चांगले वंगण आणि धूळ रोखणारी झाकणे यांना अधिक महत्त्व आहे. आम्ही बारा-पंधरा पौंडांचे साधे घेतले.

टेबलावर ओतलेल्या चोवीस बेअरिंगांपैकी एक आजोबांनी उचलले, कानाशी नेऊन फिरवले, आणि म्हणाले, “पंख्याला ६२०२. याला ६०८. आमच्या गाडीला जे मिळेल ते.” मग त्यांनी मुलांना बेअरिंगच्या गाडीची गोष्ट सांगितली. आमच्या पिढीतील ज्यांचे बालपण वरळीच्या बीडीडी चाळींत, नागपूरच्या इंदोऱ्यात किंवा औरंगाबादच्या भीमनगरात गेले, त्यांना ती सांगावी लागणार नाही. गॅरेजमागच्या भंगारातून तीन बेअरिंग मिळवायची, खोक्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडायच्या, पुढे आडव्या दांडक्यास एक बेअरिंग आणि मागे दोन. दांडके पायाने ढकलले की गाडी वळते. डांबरावर तिचा असा खडखडाट होई की वरच्या मजल्यावरून शिव्या येत. आजोबांच्या गाडीला मागची दोन बेअरिंग निरनिराळ्या मापांची होती. ती कायम डावीकडे ओढायची. “मग?” धाकटीने विचारले. “मग आम्ही डावीकडेच खेळायचो.”

ही गोष्ट त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्यातील एकाने, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच ऐकली. आमच्या वडिलांच्या पिढीने आपले हात आमच्यापासून लपवले. पाना, कानस, हातोडा घरी आणायचे नाहीत. मुलाच्या हातात फक्त पुस्तक. त्यामागचे कारण आम्हांस ठाऊक आहे आणि आम्ही त्याचे ऋणी आहोत. हाताचे काम जन्माने गळ्यात मारले गेले होते, आणि श्रमांची विभागणी व श्रमिकांची विभागणी यांतला भेद बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवला होता. पण त्यामुळे झाले असे की आमच्यापैकी एकालाही, दोन अभियंते धरून, कोणता नट कोणत्या पान्याचा हे सांगता येत नव्हते. स्केटबोर्डच्या नटांची मापे तीन आहेत. आजोबांनी ती तोंडपाठ करून घेतली: फळीच्या बोल्टांना तीन सूत, आसेला चार सूत, किंगपिनला साडेचार. दुकानात या तिन्ही मापांचे एकत्र हत्यार मिळते. ते त्यांनी कौतुकाने पाहिले, आणि आपल्या मुलाच्या हातून काढून नातीच्या हातात दिले.

जोडणीस एक दुपार लागली. आधी फळीवर ग्रिप टेप, म्हणजे वाळूच्या कागदासारखी चिकट पट्टी. ती मध्यापासून काठांकडे दाबत जावी, नाहीतर हवेचे फुगे राहतात. काठावर कानस घासली की पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवर पात्याने कापावे. पाते फक्त मोठ्यांच्या हाती. आठ भोके खालून टोचावीत. ट्रक लावताना दोन्हींचे किंगपिन आतल्या बाजूस, एकमेकांकडे तोंड करून. आमचा एक उलटा बसला होता आणि डावीकडे झुकले की बोर्ड उजवीकडे जाऊ लागला. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. बेअरिंग चाकात हातोडीने ठोकू नये. ते आसेवर ठेवून वरून चाक तळहाताने दाबले की सरळ बसते. आसेचा नट पूर्ण आवळून थोडा सैल करावा, चाक किंचित हलले पाहिजे.

अर्धे भाग जोडलेले आणि अर्धे विखुरलेले असताना धाकटीने विचारले की यांतले नेमके कशाला स्केटबोर्ड म्हणायचे. तिला ठाऊक नव्हते, पण हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भदंत नागसेन यवन राजा मिलिंदास विचारतात की तू रथातून आलास, तर रथ कोणता? आस? चाके? जू? आणि राजास हे मान्य करावे लागते की सुट्या भागांत रथ कोठेच नाही, त्यांच्या जुळणीस आपण ते नाव देतो. औरंगाबादेस १९५० साली काढलेल्या महाविद्यालयास बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले, आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. आजोबांचे धाकटे बंधू तेथेच शिकले. धम्मवर्गात आम्ही हा संवाद दोनदा शिकवला होता आणि दोन्ही वेळा मुले जांभया देत होती. त्या दुपारी मात्र वाद रंगला. थोरला म्हणाला की चाकांशिवाय ती नुसती फळी. मधला म्हणाला, फळीशिवाय नुसता कचरा. धाकटीने थोडा विचार करून विचारले, “आणि मी उभी नसेन तर?”

पहिल्या शनिवारी आम्ही सर्व मैदानावर गेलो. हेल्मेट, मनगटाचे व गुडघ्याचे पट्टे घालून, मोठी माणसे थोडी अवघडून. युरोपात हेल्मेटवर ईएन १०७८ हा क्रमांक पाहून घ्यावा. तेथे कोणी आमच्याकडे वळूनही पाहिले नाही, आणि हेच आम्हांस अनपेक्षित होते. एका गोऱ्या मुलाने धाकटीची निळी फळी पाहून ती कोणत्या कंपनीची असे विचारले. “आमची,” ती म्हणाली. ती अकरा वेळा पडली. आम्ही मोजले, तिने मोजले नाही. मुली तेथे कमी होत्या, पण होत्या. ब्रिटनच्या स्काय ब्राउनने टोकियो ऑलिंपिकमध्ये तेराव्या वर्षी कांस्यपदक मिळवले, त्याचा परिणाम असेल.

पण आम्ही मुलांना स्काय ब्राउनपेक्षा आशा गोंडविषयी अधिक सांगतो. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार हे गाव आहे. तेथे गोंड आदिवासी आणि यादव यांच्या वस्त्या, आणि मधली अंतरे कशी असतात हे आपणांस सांगायला नको. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली त्या गावात काँक्रीटचे स्केट मैदान उभारले आणि दोन नियम केले: शाळेत जाणार नाही त्याला बोर्ड नाही, आणि मुलगी आली की बोर्ड आधी तिला. दोन्ही वस्त्यांतील मुले एकाच उतारावर येऊ लागली. त्याच गावची आदिवासी कन्या आशा गोंड २०१८ साली चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. आमच्या घरांत ‘मुलींना तेथे कोण विचारतो’ हे वाक्य त्यानंतर पुन्हा कोणी काढलेले नाही. अभ्यासाचा प्रश्न मिटला असे मात्र म्हणता येणार नाही. जनवारचा पहिला नियम आम्ही सरळ उचलला, आणि मुले त्यावर रोज घासाघीस करतात.

ज्या वाचकांस हे करून पाहायचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पैसे ट्रकवर खर्च करावेत. ते अनेक वर्षे टिकतात आणि एका मुलाचे दुसऱ्याकडे जाऊ शकतात. फळी मोडते, चाके झिजतात. ओल्या जमिनीवर बोर्ड नेऊ नये, लाकडाचे थर सुटतात आणि बेअरिंग गंजतात. वॉटफर्डच्या हवेत ही सूचना पाळणे कठीण आहे, आणि ऑक्टोबरात आमच्या थोरल्याने ती पाळली नाही. त्याची चारही चाके करकरू लागली.

आजोबा तोवर परतले होते. रविवारी सकाळच्या फोनवर त्यांना करकर ऐकवली गेली. दिव्याच्या वातीसारखे पुसायचे, पाण्याने धुवायचे नाही, गंजाचा तांबडा डाग दिसला तर ते बेअरिंग फेकायचे, असे त्यांनी सांगितले, मग क्षणभर थांबून म्हणाले, “फेकू नका. चार ठेवा बाजूला. पुढच्या उन्हाळ्यात गाडी करू. एकाच मापाची असतील, सरळ जाईल.”